शकुनबाई आणि समीची टाळू

माझी विहीण शकुनबाई माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलायची नाही, तोंडाकडे बघून बोलायची. तुम्ही तिला घरातलं मरण सांगा की धानाचा भाव, तिची नजर तुमच्या ओठांच्या आत. मध्येच म्हणायची, "तुमची मागची दाढ हालून राह्यली का वो?" मग आपलं बोलणं तिथंच राहायचं आणि जीभ जाऊन दाढेला लागायची. दाढ खरंच हलत असायची, हाच मोठा त्रास.

ही सवय तिला बापाकडून आलेली. बाप चिमूरकडे बैलबाजारात दलाली करायचा. बैलाचा ओठ वर करायचा, दात बघायचे, दोनदाती, चारदाती, आठही दात आलेला म्हणजे जुळलेला, आणि त्यावरून वय आणि किंमत सांगायची. ही लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायची. पोरीनं बैलबाजारात फिरू नये असं त्या माणसाला कोणी सांगितलं नसावं. पुढे लग्न होऊन ती भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत आली. नवरा तिथं नोकरीला होता. पक्कं घर, दारात नळ, सारवणं नाही की शेण काढणं नाही. बैल सुटले, मग तिनं माणसं धरली. "तोंड उघड, पाहू," हे तिचं रामराम-जयभीम होतं. लहान मूल भेटलं की आधी हेच.

मला ती आवडत नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. ती गेल्यावर माझ्या सुनेनं तिचा फोटो आमच्या आरमोरीच्या घरात समोरच्या खोलीत लावला. सुनेची आई, लावणारच. येणारा-जाणारा म्हणतो, किती हसरा चेहरा. ते दात तिचे नव्हते. हिरड्या खराब होऊन तिचे दात पन्नाशीतच गेले आणि तिनं चंद्रपूरच्या एका डॉक्टरकडून कवळी बसवून घेतली. दुसरी बाई असती तर लपवलं असतं. ही लग्नाच्या पंगतीत कवळी काढून दाखवायची, बघा किती हलकी आहे, हातात धरून बघा. धरणारेही निघायचे. साठी उलटल्यावर ती स्कूटी शिकली. काळा चष्मा लावून, पदर खोचून, वसाहतीतून बाजारात जायची आणि वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की नुसते दात दाखवायची. माझ्या तोंडात माझेच दात आहेत, तंबाखूनं काळे झालेले का असेनात. पण मला कोणी म्हटलं नाही की हसरा चेहरा.

सोयरीक जमली तेव्हाचं सांगते. प्रशांतला, माझ्या मुलाला, मुलगी दाखवायला आम्ही भद्रावतीला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलगी यायच्या आधी ही बाई आतून आली, प्रशांतसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "जावईबापू, हासून दाखवा." आम्हाला थट्टा वाटली. प्रशांत लाजून हसला. तिनं मान तिरपी करून बघितलं.

"खर्रा दिवसाचे किती?"

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खातात तो खर्रा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत भाताइतकाच खपतो. प्रशांत म्हणाला, कधीतरी.

"कधीतरीनं असे दात होत नाई. माह्या पोरीले हे तोंड रोज सकाळी पाहा लागन. सोडून या, मंग पोरगी दाखवतो."

आम्ही मुलगी न बघता परत आलो. बसमध्ये मी म्हटलं, अशा बाईच्या घरची सोयरीक नको.  आणि त्या पावसाळ्यात प्रशांतनं खर्रा सोडला. त्याचा बाप गेल्यापासून मी त्याच्या पाया पडत होते. शपथा घातल्या, पन्न्या चुलीत टाकल्या, दोन दिवस जेवले नाही. माझ्यासाठी त्यानं एक सकाळ सोडला नव्हता. एका परक्या बाईनं मुलगी आत दडवून ठेवली आणि सुटला. सगळे म्हणाले, चांगलं झालं. चांगलं झालंच, मी कुठं नाही म्हणते. पण लग्नात ती येईल त्याला सांगत होती, "जावयाचे दात पाह्यले का? मीच केले."

मग समी झाली. समीक्षा. सून शाळेत शिकवते, प्रशांत कृषी केंद्र चालवतो, दोघं सकाळीच बाहेर. दूध सुटलं तशी पोरगी माझ्या अंथरुणात आली ती राहिलीच. इतरांच्या घरी नातवंडं आजीजवळ गोष्टीपुरती येतात. ही रात्रभर माझी होती. त्याला एक कारणही होतं. ती अंथरूण ओलं करायची. पाचव्या वर्षी करायची, सातव्या वर्षी करायची, नववं लागलं तरी करायची. रोज नाही, पण कोरड्या रात्री कमीच.

मी घरात सगळ्यांच्या आधी उठते. तिला उठवायचं, कोरडे कपडे घालायचे, वाकळ काढून धुवायची आणि न्हाणीच्या मागे, जिथून रस्ता दिसत नाही, तिथं वाळत टाकायची. मुलाला-सुनेला माहीत होतं, शेजाऱ्यांना नव्हतं. समीला मी सांगितलं होतं, ही गोष्ट तुझी नि माझी. तिनं ती पाळली, मीही पाळली.

उपाय केले नाहीत असं नाही. तीळ-गूळ चारला. संध्याकाळपासून पाणी बंद केलं, त्यानं पोरगी तहानेनं रडली तेवढीच. कुरखेड्याकडच्या एका गावात एक गोंड म्हातारा मुळी देतो, ती आणून उगाळून पाजली. म्हातारा प्रामाणिक होता. म्हणाला, गुण आला तर मुळीचा म्हण, नाही आला तर पोरगी मोठी होईल तेव्हा आपसूक थांबेल. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर बरं होतं, संपल्या की तेच. त्यांनी मला बजावलं, मारू नका, ती मुद्दाम करत नाही. मी कशाला मारते.

पोरीला पळायचं वेड. शाळेतून खो-खोच्या शिबिराला तिची निवड झाली. ब्रह्मपुरीला मुक्काम होता. निघायच्या दिवशी ती म्हणाली पोट दुखतं. मी शाळेत जाऊन सांगून आले, पोट दुखतं. परत आले तर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. जेवली नाही. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी. तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी बंद होते का आजी?" मी तिचं ताट झाकून ठेवलं. ती घरी राहिली याचं मात्र मला दुःख नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात शकुनबाई आमच्याकडे राहायला आली. शेवयांचे दिवस होते. शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या, आम्ही ओसरीवर बसलो होतो. समी आतल्या खोलीत दुपारची झोपली होती, तोंड उघडं टाकून, घोरत. ती तशीच झोपायची. शकुनबाई मोबाइलची बत्ती लावून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती दारातूनच बोलली.

"इहीनबाई, हे पोरगी रात्री अंथरुणात मुतते का वो?"

शेजारणींचे हात थांबले. मी म्हटलं, "नाई." एवढ्या जोरात म्हटलं की त्या दोघींना जे कळायचं ते कळलं. इतकी वर्षं न्हाणीच्या मागे वाळत टाकलेलं त्या बाईनं एका वाक्यात ओसरीवर आणून टाकलं.

तिला सुचलं कुठून ते सांगते. कवळीचं काही ना काही निमित्त काढून ती चंद्रपूरच्या त्या डॉक्टरांकडे जायची आणि बाकड्यावर बसून आल्या-गेल्याच्या दातांची चौकशी करायची. तिथं तिनं एका आईकडून ऐकलं होतं. त्या बाईच्या मुलाचा वरचा जबडा अरुंद होता. डॉक्टरांनी तो रुंद करायची पट्टी बसवली, मुलगा नाकानं श्वास घ्यायला लागला आणि त्याचं अंथरूण ओलं करणंही थांबलं. शकुनबाई मला समजावू लागली. टाळू उंच, जबडा चिमटलेला, म्हणून नाकातून हवा पुरत नाही, मूल रात्रभर तोंडानं ओढतं, झोप बिघडते, मग लघवीची जाग येत नाही.

मी म्हटलं, "बैलाचे दात पाहून गोमूत्र सांगता का आता?"

ती हसली. "बैल उभ्यानं मुतते, इहीनबाई. त्याले गादी नाई न."

शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्याच ओसरीवर, माझ्याच शेवया हातात धरून.

समीला त्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, तेव्हा चंद्रपूरला मी हट्टानं बरोबर गेले. ती एकटी पोरीला घेऊन गेली असती तर परत आणलीच नसती. डॉक्टर तरुण होते, शांत. समीला खुर्चीत निजवून त्यांनी बघितलं, आरशात तिलाही दाखवलं. वरचे बाजूचे दात खालच्यांच्या आत पडत होते. मग त्यांनी विचारलं, हिच्याजवळ रात्री कोण झोपतं?

मी म्हटलं, मी.

घोरते का? दचकते का? घाम येतो का? सकाळी तोंड कोरडं असतं का? सगळं मला माहीत होतं. कोणत्या कुशीवर घोरते तेही सांगितलं. शकुनबाई बाजूला नुसती उभी होती. तेवढा वेळ डॉक्टर माझ्याशीच बोलले. तिनं दोनदा तोंड घालून बघितलं, त्यांनी हातानं थांबवलं. मला तो दवाखाना त्या दिवशी फार आवडला.

त्यांनी नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवून तपासून घेतलं आणि मग साफ सांगितलं. मी हे जबड्यासाठी आणि श्वासासाठी करतो आहे. काही मुलांचं अंथरूण ओलं करणं यानं थांबतं, काहींचं थांबत नाही. मी वचन देत नाही. शकुनबाई लगेच म्हणाली, "थांबतेच." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, वचन नाही. ती म्हणाली, "हाव हाव, तुमी नका देऊ. मी देतो."

पट्टी टाळूला बसली, दाढांना चिकटवलेली. मध्ये बारीक स्क्रू. त्यात तारेची छोटी चावी घालायची आणि रोज एकदा घशाच्या बाजूला ढकलायची, म्हणजे जबडा थोडा थोडा उघडतो. डॉक्टर म्हणाले, चावी फिरवायची रीत मी एकाच माणसाला शिकवतो, म्हणजे चूक होणार नाही. माझा हात पुढे गेला. तिचाही गेला. डॉक्टर हसले आणि समीला म्हणाले, तूच सांग, कोणती आजी?

पोरीच्या तोंडात नवीन पट्टी, लाळ गळत होती, शब्द नीट येत नव्हते. तरी बोलली. "भद्रावतीवाली. या आजीचे हात तंबाखूचे वास मारते."

मी हात मागे घेतला. लेकरू खोटं बोललं नव्हतं. पण त्याच हातानं मी तिच्या वाकळी धुतल्या होत्या, ते तिथं कोणी विचारलं नाही. शकुनबाईनं चावी घेतली, पर्समधून पेटीकोटची नाडी काढली, तुकडा तोडून चावीला बांधला, घशात जाऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, वा. तिच्या पर्समध्ये पेटीकोटची नाडी काय करत होती ते तीच जाणे.

सुट्टीभर समी भद्रावतीला राहिली. मी आरमोरीला. तंबाखू मी सोडली नाही. हात मात्र राखेनं, मग साबणानं, मग लिंबानं धुवायला लागले.

पहिल्याच रात्री पोरीनं शकुनबाईची फोमची गादी भिजवली. हे मला सुनेकडून कळलं. शकुनबाईनं काय केलं, तर गादी उचलून समोरच्या गॅलरीत टाकली, रस्त्याच्या बाजूला, जिथून अख्खी वसाहत कामावर जाते. कोणी विचारलं तर सांगायची, "आमची नात मुतली. तुमच्या घरचे लेकरं काय अत्तर सोडतात?" मी फोनवर खूप बोलले. पोरीची अब्रू वेशीवर टांगता का, म्हटलं. मग समीला फोन द्यायला लावला. म्हटलं, बाई, तुला कोणी चिडवलं का? ती म्हणाली, "नाई आजी. खालच्या मजल्यावरचा पोट्टा पण मुतते. त्याची गादी पण बाहेर आहे आता." आणि खेळायला पळाली. 

काही आठवडे गेल्यावर मी भेटायला गेले. शकुनबाई बाजाराला गेली होती. समी दार उघडून हसली आणि मी उंबऱ्यातच बसले. समोरच्या दोन दातांमध्ये फट. जाताना नव्हती. चांगला काडी जाईल एवढा दरवाजा झाला होता. पोरीची जात, उद्या दाखवायची, आणि या बाईनं चावी फिरवून फिरवून तोंड फाडून ठेवलं. खोटं कशाला सांगू, रागाबरोबर मला बरंही वाटलं. आता बघते, म्हटलं.

पण आधी पोरीचं बघायला हवं होतं. आम्ही धानाचा भारा सैल झाला की काय करतो? आवळून बांधतो. मी शकुनबाईच्या शिवणाच्या डब्यातून पक्का दोरा घेतला, दुहेरी केला आणि समीचे दोन्ही दात जवळ ओढून गाठ मारली. कोणीही हेच केलं असतं. गाठ मारत असताना शकुनबाई पिशवी घेऊन आली.

ती इतकी हसली की कवळी निसटली. हातात धरून, बोळक्या तोंडानं हसत राहिली. मग कवळी बसवली, कात्रीनं दोरा कापला आणि गंभीर झाली. "इहीनबाई, आता तोंड मोकळं होऊन राह्यलं तिचं. बांधू नका." डॉक्टरांनी म्हणे आधीच सांगितलं होतं, फट पडली म्हणजे हाड उघडलं, काम झालं, पुढे आपोआप मिटेल. सगळ्यांना सांगितलं होतं. प्रशांतला, सुनेला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

फट पुढे मिटली, हे खरं.

मग सकाळी तिचे फोन येऊ लागले. हॅलो नाही, कशी आहे नाही. "सुकी." एवढंच आणि ठेवायची. आधी दोन-चार दिवसांआड, मग सलग. मी म्हणायची, इथंही मधूनमधून सुकी असायची. शाळा सुरू व्हायला समी परत आली तेव्हा महिन्यात एखादी वाकळ भिजत होती, पावसाळा संपता संपता तीही नाही. पट्टी अजून तोंडात होती, कुलूप घातल्यासारखी. डॉक्टरांनी हाड पक्कं होईपर्यंत ठेवली होती. चावीचं काम संपलं होतं.

दोन्ही जिल्ह्यांत बोलबाला झाला. शकुनबाईनं केलं. मी पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना तोंडावर विचारलं, हे पट्टीनं थांबलं की वय वाढलं म्हणून? ते म्हणाले, आजी, खात्रीनं नाही सांगता येत. श्वास सुधारला, झोप सुधारली, पोरगी मोठीही होत होती. सगळ्याचं मिळून असेल. मी तिथंच म्हटलं, मी भद्रावतीला डबा भरून तीळ-गूळ पाठवला होता, तोही धरा. ते म्हणाले, धरू या. हे वाक्य मी आरमोरीत बऱ्याच जणांना सांगितलं.

शकुनबाईला असल्या गोष्टींनी फरक पडायचा नाही. तिला आता मुलं शोधायचा नाद लागला. कोणाचं लेकरू रात्री भिजवतं असं कळलं की स्कूटी काढून हजर. तोंड उघड, पाहू. एकदा चिमूरकडच्या एका नातेवाइकाच्या मुलाला ती चंद्रपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, याचा जबडा चांगला ऐसपैस आहे, इथं माझं काही काम नाही, याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि उद्या-परवा नका, आजच न्या. मुलगा दिवसाही सारखं पाणी पीत होता. त्याला साखरेचा आजार निघाला. शकुनबाई त्याच्या आईजवळ दवाखान्यात बसून राहिली, घरी गेलीच नाही. मला फोन करून म्हणाली, "मले समजलं नाई वो इहीनबाई. मी नुसते दातच पाह्यले." मला वाटलं होतं की ती कधी हरली तर मला बरं वाटेल. तेवढं वाटलं नाही. दोन दिवसांनी ती पुन्हा रस्त्यात लोकांची तोंडं उघडत होती आणि माझा राग जागेवर आला.

त्या हिवाळ्यात समी शिबिराला गेली. पिशवी स्वतः भरली. परत आली ती गुडघे फोडून, आवाज बसवून, आणि बापाला म्हणाली, मला वेगळी खाट पाहिजे. तिथं सगळ्या मुली वेगळ्या झोपत होत्या. प्रशांतनं खाट आणली. ती आतल्या खोलीत टाकली. मला तिनं विचारलंही नाही, आणि विचारायचं होतं तरी काय? कोरडी पोरगी कुठंही झोपू शकते. मी नेहमीच्या वेळी उठायची आणि धुवायला काही नसायचं. सून म्हणाली, आई, आता सुटलात तुम्ही. शिकलेली बाई, पण काय बोलते.

पुढे आठवीला तिनं भद्रावतीची शाळा धरली. तिथं मैदान मोठं, खो-खो शिकवणारी बाई चांगली, आणि आजी आहेच. सगळ्यांना पटलं. आरमोरीहून भद्रावती म्हणजे ब्रह्मपुरी, मूल गाव, मग ते लांबलचक जंगल, मग चंद्रपूर, आणि तिथून पुन्हा बस. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही. शकुनबाई फोनवर पोरीचं सगळं सांगायची. काय खाल्लं, किती वाढली, दात कसे सरळ बसले. मी ऐकून घ्यायची. माझ्या नातीची बातमी मला ती द्यायची.

शकुनबाईलाही साखर होती, ती तिनं लपवून ठेवली. कवळी दाखवणारी बाई, पण पायाची जखम कोणाला दाखवली नाही. ती कळली तेव्हा उशीर झाला होता. पाय कापावा लागणार, पुढच्या आठवड्यात नागपूरला न्यायचं ठरलं. मी गेले. विहीण आहे, जावं लागतं.

ती पलंगावर होती, पाय उशीवर. वाळली होती. मला बघताच तिची नजर आधी माझ्या तोंडाकडे गेली, मग म्हणाली, बसा. समी तिच्या औषधाच्या वेळा बघत होती, उठवत-बसवत होती. तेरा वर्षांची, उंच, केस वर बांधलेले. माझ्या पाया पडली आणि परत तिकडे गेली. रात्री ती आजीच्या पलंगाजवळच खाली गादी टाकून झोपते, हे मला न विचारता दिसलं.

जेवणं झाली. मला समोरच्या खोलीत अंथरूण घातलं. तेव्हा आतून शकुनबाईचा आवाज आला.

"समे, आज तुह्या आजीजवळ झोपजो."

समी म्हणाली, "अन् तुले पाणी लागलं तं?"

"मले कायले पाणी लागते. जा. लांबून आली ते."

पोरगी आपली उशी घेऊन आली आणि माझ्या बाजूला पडली. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं, आवाज नाही. जिवंत आहे की नाही बघायला मी तिच्या नाकापुढे बोट धरलं. इतक्या वर्षांनी पोरगी माझ्याजवळ होती आणि मी जळत होते. व्याह्याकडून आहेर मिळतो, लुगडं-चोळी मिळते. मला माझीच नात त्या बाईनं दिली होती, एका रात्रीपुरती, आणि ती तिच्याजवळ होती म्हणूनच देता आली.

सकाळी मी तिला सुनवायचं ठरवलं. वाक्यं जुळवून ठेवली होती. आजारी असो नाहीतर काही असो, मला कोणाच्या दयेनं काही नको, असं. चहा घेऊन पिशवी उचलली आणि मागच्या वऱ्हांड्यात गेले. शकुनबाई खुर्चीत होती, पाय स्टुलावर. समी शाळेच्या कपड्यात तिच्यापुढे खाली बसली होती आणि ती पोरीची वेणी घालत होती. केसांचे आकडे ओठांत धरलेले. मी म्हटलं, "निघतो मी, इहीनबाई."

एवढी बोलणारी बाई, पण तोंडात आकडे होते. तिनं कंगवा धरलेला हात वर केला आणि नुसती मान हलवली. समी मागे वळायला लागली तशी तिनं दुसऱ्या हातानं पोरीचं डोकं पुन्हा सरळ केलं, भांग वाकडा होईल म्हणून.

मी थोडी थांबले. वेणी अजून अर्धी बाकी होती. बस चुकेल म्हणून निघाले.